बागेतलं भाषण

त्या प्रकरणाची आठवण अजून ताजी आहे, आणि ती काढली की मन जड होत नाही. पोलीस खात्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला असं म्हणता येण्यासारखी प्रकरणं थोडीच मिळतात. यात ना खून होता, ना दरोडा. एक मुलगी बागेत उभी राहून थोडा वेळ बोलली होती, एवढाच मामला. पण त्या बोलण्यापायी तिची रवानगी थेट तिच्या देशातल्या तुरुंगात होण्याची वेळ आली होती, आणि ती रवानगी ज्या टेबलावरून व्हायची त्या टेबलामागं मी बसलो होतो.

निवृत्तीआधीची माझी शेवटची नेमणूक छत्रपती संभाजीनगरच्या आयुक्तालयात, विशेष शाखेत होती. शहरात राहणाऱ्या परदेशी नागरिकांची नोंदणी माझ्याकडे होती. या नेमणुकीवर हौसेनं कुणी येत नाही. मला मात्र ते काम मानवलं. आपल्या विद्यापीठात आणि कॉलेजांत किती देशांची मुलं शिकायला येतात, याची शहरातल्या निम्म्या लोकांना कल्पना नसते. सकाळी आमच्या व्हरांड्यात ती मुलं बाकावर बसलेली असायची. वर्षभरात रिक्षावाल्यांच्या संगतीनं दखनी शिकायची आणि 'नक्को साब', 'कायकू साब' करत आमच्याशी बोलायची. पाट्यांवर शहराचं नवं नाव आलं होतं, त्यांच्या जुन्या कागदांवर जुनं होतं. मुलं दोन्ही नावं बिनचूक लिहायची.

त्यांची एक गोष्ट मला सुरुवातीपासून खटकायची. गुन्हा करून आलेला माणूस पोलिसासमोर खुर्चीच्या कडेवर बसतो, हे मी आयुष्यभर पाहिलं होतं. ही मुलं काहीही न करता तशीच बसायची. त्यांच्याकडं पोलिसांपुढं जाणं म्हणजे काय असतं, ते त्या बसण्यावरून कळायचं.

एके दिवशी कार्यालयातला फोन वाजला. तो आमच्या हवालदारांनी घेतला. हे हवालदार पैठणकडचे, घरची शेती असलेले, बोलायला मोकळे आणि कामाला चोख. फोन ठेवून ते माझ्याकडं आले.

"साहेब, टीप हाय. एक परदेशी पोरगी, विद्यापीठात पीएच.डी. करती. व्हिसा संपलाय म्हणं. बाहेरून पैसा येतो म्हणं. अन् बागेत पोरं जमवून भारताच्या विरोधात भाषण ठोकलं म्हणं."

"फोन करणारा कोण?"

"नाव नाय सांगितलं. दबक्या आवाजात, हिंदीत बोलत व्हता."

निनावी टीप म्हटली की अनुभवी अधिकारी आधी टीप देणाऱ्याचा विचार करतो. पण त्याला वेळ मिळाला नाही. त्याच भाषणाची चित्रफीत कुठून तरी फिरत आमच्या उपायुक्त साहेबांच्या मोबाइलवर पोहोचली होती. खाली कुणीतरी लिहिलं होतं की ही परदेशी मुलगी आपल्या देशाला शिव्या देते आहे. साहेब वाईट माणूस नव्हते, सावध माणूस होते. त्यांनी मला बोलावलं आणि सांगितलं, "ताब्यात घ्या. पडताळणी करा. देश सोडण्याच्या नोटिशीचा मसुदा तयार ठेवा. उद्या हे टीव्हीवर गेलं तर मला उत्तर द्यावं लागेल."

इथं वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या माणसाला अटक केली तर त्याला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं, कलम लावावं लागतं, वकील येतो, जामीन होतो. परदेशी माणसाला जा म्हणायला एवढा खटाटोप लागत नाही. एक आदेश पुरतो. म्हणूनच त्या टेबलावर बसणाऱ्यानं सही करताना पेन जरा सावकाश उघडावं, असं माझं मत होतं आणि आहे.

महिला अंमलदार तिला घेऊन आली. पंचविशीतली मुलगी, डोक्याला स्कार्फ, हातात पासपोर्टची प्लॅस्टिकची पिशवी. ती खुर्चीत पूर्ण बसली, पाठ टेकवून. हे मला नवीन होतं. तिच्या देशाचं नाव मी इथं घेत नाही. अरबी बोलणारा देश आहे आणि तिथं गेली काही वर्षं विद्यापीठं बंद आहेत, एवढं पुरे.

मी मोबाइलवरची चित्रफीत तिच्यापुढं धरली. संध्याकाळचं ऊन, महापालिकेची बाग, गोल करून उभे असलेले काही विद्यार्थी आणि मध्ये ही.

"हे तुम्हीच बोललात?"

"हो. मी बोलली," ती मराठीत म्हणाली. "आवाज माझा आहे."

मराठी ऐकून मी चकित झालो. घरमालकीणबाईंनी शिकवलं म्हणाली.

"काय बोललात?"

"माझ्या भावाबद्दल. तो तिकडे कैदेत आहे."

"भारताबद्दल काही बोललात?"

"बोलली. एक वाक्य."

"काय वाक्य?"

तिनं जरा विचार केला. "मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, ही आता स्वतःला वाचवायला बोलते. दुसऱ्या कुणाला विचारा ना. भाषा येते त्याला."

आरोपी स्वतःच साक्षीदार मागतो तेव्हा तपास अधिकाऱ्यानं कान टवकारावेत. मी टवकारले.

तेवढ्यात दारात घरमालकीण येऊन उभ्या राहिल्या. जिल्हा न्यायालयात लघुलेखक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, नवरा गेलेला, मुलगा पुण्यात. घराणं जुन्या कारकुनी परंपरेतलं, त्यामुळं कागद आणि कायदा यांचा धाक त्यांना कधीच नव्हता. आत येऊन त्यांनी मला नमस्कार केला आणि शांतपणे विचारलं, "साहेब, हिला कोणत्या कलमाखाली आणलंय?"

"कलम नाही लावलेलं, काकू. चौकशी आहे."

"मग चौकशी संपेपर्यंत मी बसते. माझी भाडेकरू आहे. तिचं जेवण माझ्याकडे असतं."

आणि त्या बसल्या. सरकारी कार्यालयात नुसतं बसून राहणाऱ्या माणसाइतकं अडचणीचं दुसरं काही नसतं. त्याला हाकलता येत नाही आणि त्याच्यासमोर काही वेडंवाकडं करताही येत नाही.

दुभाषा येईपर्यंत हवालदारांनी मोबाइल कानाशी धरून भाषण दोनदा ऐकलं. मग मला म्हणाले, "साहेब, समदं नाय कळलं, पर काही काही कळतंय की. 'किताब' म्हणली. 'कलम' म्हणली. 'जुलूम' म्हणली, 'हक' म्हणली. अन् एकदाच 'हिंद' म्हणली." निजामाच्या मुलखातल्या शेतकऱ्याच्या बोलीत हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ते उसने आहेत हेही आम्ही विसरलो आहोत. मी हवालदारांना विचारलं, "हिंदच्या आसपास शिवी वाटते का?" ते म्हणाले, "शिवीचा आवाज नाय साहेब. शिवी मला कुठल्या बी भाषेत कळती."

आमचा नेहमीचा दुभाषा म्हणजे तिच्याच देशाचा एक विद्यार्थी. वाळूजकडच्या एका कॉलेजात व्यवस्थापन शिकायचा आणि बजाजनगरमध्ये कंपनीतल्या कामगारांसोबत एका खोलीत राहायचा. नवीन मुलं आली की त्यांना घेऊन आमच्याकडं यायचा, फॉर्म भरून द्यायचा, आमचे लोक त्याला चहा पाजायचे. स्वभावानं गरीब, हसतमुख. त्या दिवशी तो आला तेव्हा हसला नाही. मुलीकडं त्यानं पाहिलंही नाही. पोलिसांनी ओळखीच्या मुलीला बसवून ठेवलंय म्हटल्यावर कुणीही बावरेल, असं मी धरून चाललो.

मी चित्रफीत एकेक वाक्य थांबवत लावली. तो हिंदीत सांगत गेला, मी लिहून घेत गेलो. तिचा धाकटा भाऊ कॉलेजात होता. विद्यापीठं बंद झाल्यावर त्यानं कॉलेजच्या भिंतीवर दोन शब्द लिहिले: विद्यापीठ उघडा. तेवढ्यासाठी तो आत आहे. आई आठवड्याला कपडे घेऊन तुरुंगाच्या फाटकाशी जाते, कपडे घेतात, भेट देत नाहीत. किताब आणि कलम एवढंच आमचं मागणं आहे.

मग हिंदचं वाक्य आलं. तो थांबला. पाणी मागितलं. ते पिऊन त्यानं पेला खाली ठेवला.

"पुढं?" मी म्हणालो.

त्यानं मान खाली घातली आणि सांगितलं, "ती म्हणते, माझा भाऊ भिंतीवर लिहून कैदेत गेला. मी हिंदमध्ये, उघड्या बागेत, तेच शब्द मोठ्यानं बोलते आहे, आणि बोलून झाल्यावर माझ्या घरी जाऊन जेवणार आहे."

काकूंनी मुलीच्या पाठीवर हात ठेवला. महिला अंमलदार माझ्याकडं पाहत होती. त्या पाहण्याचा अर्थ मला समजला. मुलीनं ते वाक्य आमच्या भरवशावर उच्चारलं होतं. ते खरं ठरवायचं की खोटं, हे आता आमच्या हातात होतं.

एकाच्या भाषांतरावर अहवाल देता येत नाही, म्हणून शहरातल्या एका अरबीच्या निवृत्त प्राध्यापकांनाही ते भाषण ऐकवलं. त्यांनी शब्दन्‌शब्द तेच सांगितलं. मी उपायुक्त साहेबांपुढं उभा राहिलो. त्यांनी ऐकून घेतलं, पण मोकळे झाले नाहीत. "भाषणाचं ठीक आहे. व्हिसा? पैसा? आणि एवढ्या खात्रीनं टीप देणारा कोण? ते कळल्याशिवाय मी तिला सोडणार नाही." त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

तिला कुठं ठेवायचं हा प्रश्न काकूंनीच सोडवला. "माझ्याच घरी ठेवा. दारात तुमची माणसं बसवा. पासपोर्ट तुमच्याकडे राहू द्या. ठरावीक ठिकाणी राहण्याचा आदेश देता येतो ना तुम्हाला? तसे आदेश मी पुष्कळ टाइप केलेत." देता येत होता. मी तसा आदेश काढून घेतला. मुलगी आपल्याच खोलीत नजरकैदेत राहिली. तिथला बंदोबस्त महिला अंमलदारांना भलताच आवडला. कारण विचारल्यावर एक जण म्हणाली, "सर, काकू थालीपीठ देतात आणि आमच्याकडून जुन्या परीक्षेचे पेपर सोडवून घेतात." खात्यांतर्गत परीक्षा जवळ आली होती. बाईंनी पहाऱ्याचा वर्ग करून टाकला होता.

व्हिसाचं कोडं लवकर सुटलं. मुदतवाढीचा अर्ज तिनं वेळेत केला होता, तो वर प्रलंबित होता. म्हणजे मुक्काम बेकायदा नव्हता. पैशाचं म्हणाल तर मामा दुसऱ्या देशात नोकरीला होता, तो फी भरायचा. बँकेनं लगेच दुजोरा दिला.

राहिला टीप देणारा. आमच्या फोनवर नंबर उमटला होता. तो निघाला बजाजनगरमधल्या एका झेरॉक्स दुकानाचा. आम्ही गेलो तेव्हा पाळी सुटण्याची वेळ होती. वाळूजच्या कंपन्यांच्या बसगाड्या चौकात रिकाम्या होत होत्या, दुचाकींचा लोंढा चालला होता. दुकानदार म्हणाला, "साहेब, मोबाइलची बॅटरी संपली म्हणून कितीतरी लोक फोन मागतात. मी तोंडं कुठं बघतो? झेरॉक्स बघतो." त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं.

इकडं काकूंच्या शेजाऱ्याबद्दल माझ्या कानावर आलं होतं. फर्दापूरकडचा जमीनदार माणूस, अजिंठ्याच्या रस्त्याला हॉटेल, मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घर केलेलं. परदेशी भाडेकरू ठेवल्यावरून त्यानं काकूंशी बरेचदा वाद घातला होता. त्याला बोलावलं. तो पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आला आणि मी काही विचारण्याआधीच बोलू लागला.

"साहेब, माझं त्या बाईशी भांडण हाय. गाडी लावण्यावरून हाय, जिन्यातल्या चपलांवरून हाय. व्हय, त्या पोरीवरून बी झालंय. पर माझं भांडण जाहीर असतंय. मी गॅलरीत उभा राहून बोलतो, समदी गल्ली ऐकती. मी चोरून फोन कशाला करू?"

"फोनवाल्यानं मुलीची बरीच माहिती दिलीय. शेजाऱ्यालाच असते एवढी."

"मला काय माहिती असणार? मला तिचं नाव बी घेता येत नाय. माझी बायको घेती नीट. मी आपली 'ती फॉरेनची' म्हणतो."

हवालदार बाजूला उभे होते. ते एकदम म्हणाले, "साहेब, नावावरून आठवलं. फोनवाल्यानं तिचं नाव सांगितलं ते थांबेचना. आगगाडीवानी डब्याला डबा. मी लिहिता लिहिता दमलो. चार नावं सांगितली त्यानं."

"चार?"

"व्हय. तिचं एक अन् पुढं तीन."

तिच्या पासपोर्टवर तीन नावं होती, तिचं, बापाचं आणि आजोबाचं. कॉलेजात आणि भाडेकरारावर दोनच. हवालदारांच्या त्या टिपणाखेरीज चौथं नाव आमच्या कुठल्याही नोंदीत नव्हतं. मी शेजाऱ्याला चहा पाजून परत पाठवलं. जाताना तो म्हणाला, "साहेब, पोरीला लई दिवस डांबू नका. बाई एकट्या पडत्यात." भांडणाऱ्या माणसाला आपण शत्रू समजतो. पुष्कळदा तो फक्त शेजारी असतो.

मी काकूंच्या घरी गेलो. मुलगी गॅलरीत वाचत बसली होती. मी ते चौथं नाव उच्चारलं आणि विचारलं, "हे कुणाचं?"

ती चमकली. "माझे पणजोबा. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"इथं कुणाला माहीत आहे?"

"इथे? इथे कुणाला कसं माहीत असेल? आमच्या गावाच्या माणसालाच..." आणि ती बोलता बोलता थांबली.

तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की तिला उत्तर मिळालंय. मी वाट पाहिली. पोलिसानं गप्प बसून वाट पाहिली की समोरचा बहुधा बोलतो. ती बोलली नाही.

"तुम्हाला कळलंय कोण ते," मी म्हणालो.

"हो."

"नाव सांगा. तुमची सुटका त्याच्यावर आहे."

तिनं पुस्तक मिटलं. "साहेब, मी कुणाचं नाव पोलिसांना सांगणार नाही. तिकडे असंच एकानं माझ्या भावाचं नाव सांगितलं."

मी खात्यात असंख्य जबाब घेतले. माहीत असून, स्वतःचं नुकसान होत असून, न सांगणारी माणसं त्यांत फार थोडी भेटली. त्यातली बहुतेक सराईत गुन्हेगार होती. ही नव्हती. मी तिच्यावर जोर केला नाही, कारण तिच्या गप्प राहण्यानंच माझं काम झालं होतं. तिच्या गावचा, इथं राहणारा, बजाजनगरशी संबंध असलेला माणूस आमच्या नोंदवहीत एकच होता: आमचा दुभाषा.

त्याला दुसऱ्या दिवशी बोलावलं. नेहमीसारखा चहा मागवला. हवालदारांना बाहेर बसायला सांगितलं. घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवलं की तो खोट्याच्या बिळात शिरतो, मग त्याला बाहेर काढायला वेळ लागतो. मी साध्या आवाजात म्हणालो, "एक मदत कर. तिच्या नावाची नोंद अपुरी आहे. तिचं पूर्ण नाव सांग."

त्यानं तिचं नाव सांगितलं आणि बापाचं.

"पुढं?"

त्यानं कप उचलला.

"तुमच्याकडं तर नाव असं अर्धं सांगत नाहीत. तू फोनवर चारही सांगितलीस."

कप त्याच्या हातात होता. त्यानं तो टेबलावर ठेवला, अगदी हळू, सांडू नये म्हणून. मग हिंदीत म्हणाला, "साहेब, मी सांगतो. मला सांगायचंच होतं."

त्याच्या गावातल्या सरकारी माणसाचा त्याला फोन यायला लागला होता. भाषणाची चित्रफीत तिकडं पोहोचली होती. मुलीला परत पाठवायची सोय कर, नाहीतर तुझा धाकटा भाऊ रोज कोणत्या रस्त्यानं शाळेत जातो ते आम्हाला माहीत आहे, असं तो माणूस म्हणाला होता. त्यानं दिवस ढकलले. मग एकदा भाऊ शाळेतून फार उशिरा घरी आला. वाटेत त्याला एका गाडीत बसवून ठेवलं होतं, मारलं वगैरे नव्हतं. त्या दिवशी यानं झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आम्हाला फोन केला. चित्रफीत पसरवायला त्यानंच पाठवली होती.

"ती परत गेली असती तर तिचं काय झालं असतं, माहीत होतं?"

"होतं."

"मग भाषांतर खरं का केलंस? एक शब्द फिरवला असतास तर तुझं काम झालं असतं. आम्हाला काय कळणार होतं?"

तो म्हणाला, "फोनवर ती समोर नव्हती, साहेब. तिच्यासमोर तिचं बोलणं कसं बदलू? आम्ही एका गल्लीतले आहोत. तिच्या आईनं मला जेवू घातलंय."

माणूस पाठीमागं जे करतो ते समोरासमोर करू शकत नाही. आमचा निम्मा तपास याच गोष्टीवर चालतो. पण त्या दिवशी मला त्या मुलाबद्दल जे वाटलं ते तपास अधिकाऱ्याला वाटतं तसं नव्हतं. वाईट काम करायला बसवलेला आणि त्यात नापास झालेला तो एक बरा मुलगा होता.

खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. तो नोंदवला तर त्याचा व्हिसा जाणार, आणि त्यालाही त्याच विमानानं त्याच माणसांच्या हाती पाठवावं लागणार. मी हे सगळं मुलीच्या कानावर घातलं, कारण अन्याय तिच्यावर झाला होता. तिला कार्यालयात आणलं, काकू अर्थातच सोबत होत्या. दोघं समोरासमोर बसली आणि आपल्या भाषेत बोलली. आधी ती, बराच वेळ, आवाज न चढवता. मग तो, थोडंसं. हवालदार माझ्या कानाशी म्हणाले, "काय बोलत्यात, विचारू का?" मी नको म्हटलं. सगळ्याच गोष्टींचं भाषांतर करून घ्यायचं नसतं.

मुलगी माझ्याकडं वळली. "त्याला परत पाठवू नका. त्याचा भाऊ लहान आहे."

"आणि तुमचा?"

"माझ्या भावाला समजलं तर तो पण हेच म्हणेल."

मग एक उपाय सुचला. मी मुलाला सांगितलं, "आता तुझ्या त्या माणसाला फोन कर. सांग की इथल्या पोलिसांनी तुझा फोन पकडला. दर सोमवारी तुला हजेरी लावलीय, तुझ्या प्रत्येक फोनवर आमची नजर आहे, तुझा यापुढं उपयोग नाही." तो घाबरून म्हणाला, "पण हे खोटं आहे." मी म्हणालो, "खोटं कशाला? सोमवारी ये की." त्याला रीतसर समज देऊन सोडल्याची नोंद केली आणि हजेरीही लावली. पोलिसांची भीती या कामासाठीही वापरता येते, हे मला नोकरीच्या शेवटी शेवटी कळलं. तिकडून येणारे फोन थांबले. पकडल्या गेलेल्या खबऱ्याला कुणी फोन करत नाही. भाऊ शाळेत जातोय हे तो मला पुढं बरेच सोमवार सांगत राहिला.

उपायुक्त साहेबांपुढं मी अहवाल ठेवला. त्यांनी वाचला आणि एकच शंका काढली. "व्हिसाच्या अटींत राजकीय कामात भाग घेऊ नये असं आहे. हे भाषण राजकीय नाही?"

मी म्हणालो, "सर, कैदेतल्या भावाची चारचौघांत आठवण काढणं हे राजकीय काम आहे, असं ठरवायचं असेल तर तसं लेखी द्यावं. मी त्याप्रमाणं नोटीस काढतो."

खात्यात 'लेखी' हा फार गुणकारी शब्द आहे. साहेब माझ्याकडं पाहून हसले. नोटिशीचा मसुदा त्यांनी फाडून टोपलीत टाकला आणि अहवालावर सही केली. पासपोर्ट मी स्वतः नेऊन दिला. काकूंनी मला थालीपीठ वाढलं आणि ते चांगलं होतं, अंमलदार खोटं बोलत नव्हत्या. शेजारी गॅलरीतून ओरडून म्हणाला, "सुटली का पोरगी? आता चपला जिन्यात नका ठेवू म्हणावं."

पुढं तिला मुदतवाढ मिळाली, प्रबंध पूर्ण होत आला आहे. तिचा भाऊ मात्र अजून आत आहे. अलीकडं आईला भेट देऊ लागलेत, एवढाच फरक.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मी आपल्या राज्यघटनेकडं बोट दाखवीन. ट्रेनिंगमध्ये अनुच्छेद आम्ही पाठ केले होते, वाचले नव्हते. बोलण्याचं स्वातंत्र्य देणारा एकोणिसावा अनुच्छेद नागरिकांसाठी आहे. ती मुलगी नागरिक नव्हती, त्यामुळं तो तिला मागता येत नव्हता. पण एकविसावा नागरिक म्हणत नाही, व्यक्ती म्हणतो. कोणत्याही व्यक्तीचं जीवित आणि स्वातंत्र्य कायद्यानं ठरवलेल्या रीतीशिवाय काढून घेता येत नाही. ती रीत म्हणजे शेवटी आम्हीच. टीप आली तर ती तपासणं, भाषा येत नसेल तर येणाऱ्याला विचारणं, सही करायच्या आधी दोन दिवस मागून घेणं. मोठी तत्त्वं आमच्यासारख्यांच्या अशा बारीकसारीक कामांवर उभी असतात आणि आम्ही कंटाळा केला की पडतात.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी ती मुलगी, तो दुभाषा मुलगा आणि काकू भेटायला आले होते. मुलीनं विचारलं, "साहेब, तुम्ही एवढी वर्षं नोकरी केली. तुम्ही कधी कुठे बोललात?"

मी सांगितलं की सेवेत असताना पोलिसाला परवानगीशिवाय लिहिता-बोलता येत नाही. वर्तमानपत्रात चार ओळी द्यायच्या तरी वर विचारावं लागतं. तिला फार नवल वाटलं.

"म्हणजे आमच्यासारखंच," ती म्हणाली. "आणि आता?"

"आता येतं."

"मग बोला ना."

म्हणून हे लिहिलं. कागद पूर्ण झाल्यावर काकूंकडं नेऊन दिला. त्यांनी लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ सगळे नीट केले, दोन ठिकाणी विरामचिन्हं घातली आणि परत देताना म्हणाल्या, "बाकी कशाला हात लावला नाही हं. ते तुमचं आहे."